टेकाडाला तीन वाईट शेरे

टेकाड वाईट ठरलं तर चष्मेवाल्याचा फायदा काय होता, ते आधी मांडून घेऊ. पाण्याच्या टाकीमागचा तो काळाकुट्ट अंधार त्याच्या एकट्याच्या नावावर राहणार होता. दातांचा डॉक्टर तिकडे फिरकणार नव्हता. आणि डॉक्टर फिरकला नाही, की मंडळाची सोळा इंची आरशाची दुर्बीण वर्षभरासाठी चष्मेवाल्याच्या घरी मुक्कामाला येणार होती. खर्चाच्या बाजूला एवढंच होतं, की थोडं खोटं लिहावं लागणार. ते त्याने खर्चात धरलंच नाही. दुकानात उठता बसता ‘ही फ्रेम तुम्हालाच शोभते’ म्हणणाऱ्या माणसाला तेवढं खोटं जड जात नाही.

दुर्बिणीची अट बाईंची होती. बाई म्हणजे आकाशमंडळाच्या अध्यक्ष, भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी दीर्घिका, तेजोमेघ, तारकागुच्छ अशा अंधुक अंधुक गोष्टींची एक लांबलचक यादी काढली होती. जो कोणी सगळ्यांच्या आधी ती सगळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहील आणि पेन्सिलीने चितारून दाखवील, त्याला मोठी दुर्बीण. फोटो चालणार नाही. बाकीची मंडळी निम्म्यातच दमली. डॉक्टर आणि चष्मेवाला दोघंही शेवटच्या नोंदीवर येऊन अडकले होते: पश्चिमेकडचा दीर्घिकांचा एक घोळका, इतका फिका की गावातून तो कुणाच्या बापालाही दिसला नसता. शिवाय तो रोज थोडा थोडा खाली सरकत होता. ही अमावास्या हुकली की सूर्याच्या उजेडात बुडणार आणि थेट पुढल्या वर्षी वर येणार.

हौशी माणसाचं आकाश हल्ली आधी संगणकावर उगवतं. चष्मेवाल्याच्या दुकानात, गिऱ्हाइकाच्या समोर अक्षरांचा तक्ता असायचा आणि चष्मेवाल्याच्या समोर ढगांचा. ढगांच्या साइटवर पुढच्या तीन रात्रींचा एकेक तास म्हणजे एकेक चौकोन. गडद निळा असला तर आकाश मोकळं, पांढरा असला तर घरी बसा. दुसऱ्या साइटवर चंद्र कधी उगवतो, कधी मावळतो. तिसरी यादीतल्या वस्तू मावळण्याच्या क्रमाने लावून देई, म्हणजे आधी काय पाहायचं ते कळावं. चौथी ताऱ्यांचे नकाशे छापून देई, तेही दुर्बिणीतून दिसतात तसे उलटे करून. आणि पाचवी होती उजेडाचा नकाशा: गावावर लालभडक डाग, कडेने पिवळा, मग हिरवा, निळा, आणि जिथे माणसाने अजून दिवा लावलेला नाही तिथे काळा. या पाचही साइट फुकट होत्या, आणि चष्मेवाला त्या अशा वापरायचा की जणू कोणी उद्या बंदच करणार आहे. ‘‘वाचता येतंय का खालची ओळ?’’ असं गिऱ्हाइकाला विचारून तो स्वतः दुसरंच काहीतरी वाचत असे.

टेकाड त्याला त्या पाचव्या नकाशावरच सापडलं होतं. निळ्याच्या पोटात काळ्याचा एवढासा ठिपका. गाडी वरपर्यंत जाते, पश्चिम मोकळी, आणि गाव डोंगराच्या आड. त्याने ही गोष्ट मंडळात कुणाला सांगितली नाही. बायकोला सांगितली, कारण रात्री बाहेर जायचं तर कुठे ते सांगावं लागतं.

मग एका दुपारी घोडं अडलं. सहावी एक साइट होती, आकाश पाहायच्या जागांची. कोणीही यावं, जागा नोंदवावी, तारे द्यावेत, शेरा लिहावा. तिथे ‘भटका’ नावाच्या कोणा परक्या माणसाने टेकाड नोंदवून ठेवलं होतं. ‘अप्रतिम अंधार. सपाट जागा. सहकुटुंब जा.’ पाच तारे. डॉक्टर ही साइट रोज पाहतो, हे त्याला ठाऊक होतं. दुसऱ्याने नोंदवलेली जागा पुसता येत नव्हती. पण साइटचा एक नियम होता: लागोपाठ तीन जणांनी एकेक तारा दिला, की जागा यादीच्या तळाला जाते. आणि शेवटचं पान कोण उघडतो?

त्याने तीन नावं घेतली आणि तीन शेरे लिहिले. पहिला ‘रात्रपाळी’ या नावाने: भटकी कुत्री टोळीने हिंडतात, गाडीतून उतरू देत नाहीत. दुसरा ‘शुभचिंतक’ या नावाने: वाटेत खड्डे आहेत आणि इतका अंधार, की हाताला हात दिसत नाही. अंधार शोधायच्या साइटवर अंधाराची तक्रार आपण करतोय, हे त्याच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्यापर्यंत कल्पनाशक्ती संपली होती, म्हणून त्याने डोळ्यांसमोर होतं ते लिहिलं. ‘एक आई’ या नावाने: तिथे रात्री एक विचित्र माणूस एकटाच फिरतो. कानटोपी घालतो, हातात लाल दिवा असतो, आणि स्वतःशी बडबडत असतो. मुलांना नेऊ नका.

संध्याकाळपर्यंत टेकाड तळाला गेलं. चष्मेवाल्याने दुकानाचं शटर खाली ओढताना शीळ घातली.

आता त्याच्या बायकोबद्दल. ती प्रवासाची बुकिंग करणाऱ्या कचेरीत होती आणि तिचं कामच होतं हॉटेलांचे शेरे वाचणं. लोकांनी लिहिलेलं वाचून कुठल्या खोलीत ढेकूण आहेत आणि कुठल्या मालकाचा भाऊच गिऱ्हाईक बनून लिहितोय, हे ती सांगायची. मिक्सर घ्यायचा असो की दातांचा डॉक्टर ठरवायचा असो, ती आधी शेरे वाचायची, तेही शेवटच्या पानापासून. तिचा एक पक्का नियम होता: कौतुक खोटं असू शकतं, तक्रार खरीच असते, फुकटात वाईट लिहायला कोणाला काय पडलंय?

‘‘अहो,’’ जेवताना ती म्हणाली, ‘‘तुम्ही जाता ते टाकीमागचंच ना टेकाड?’’

‘‘हो. का?’’

‘‘तिथं कुत्री आहेत म्हणे.’’

‘‘असेल एखाददुसरं.’’

‘‘टोळी आहे. आणि खड्डे. आणि एक माणूस.’’

चष्मेवाल्याने पाण्याचा पेला उचलला. ‘‘कसला माणूस?’’

‘‘कानटोपीवाला. लाल दिवा घेऊन बडबडत हिंडतो. तुम्हाला दिसला नाही कधी?’’

नाही म्हणावं, तर ‘मग तुम्ही खरंच तिथं जाता का’ हा पुढचा प्रश्न येणार. त्याने कमी नुकसानीचं उत्तर निवडलं.

‘‘दिसतो अधूनमधून. निरुपद्रवी आहे.’’

‘‘म्हणजे आहे.’’

‘‘आहे म्हणजे, आपल्याच नादात असतो तो.’’

‘‘आणि हे मला तुम्ही आज सांगताय. तेही मी विचारलं म्हणून.’’ तिने भाताचं भांडं त्याच्यापासून लांब सरकवलं. ‘‘इतके दिवस मी इथे ढाराढूर झोपत होते, आणि तुम्ही तिथे एका वेड्याबरोबर.’’

‘‘वेडा नाही गं तो.’’

‘‘तुम्ही त्याची बाजू कशाला घेताय?’’

दुसऱ्या दिवशी तिने तिन्ही शेरे कचेरीच्या छपाईयंत्रावर छापले आणि दुपारच्या सुट्टीत भावाकडे गेली.

भाऊ रस्तादिवे खात्यात निरीक्षक होता. माणूस प्रेमळ, पण त्याच्या प्रेमाला नेहमी खांब लागायचा. त्याच्या गोदामात एक उंच दिवा पडून होता, कुठल्याशा मैदानासाठी मागवलेला आणि मग नको झालेला. नवी जागा द्यायची तर तीन वेगवेगळ्या नागरिकांच्या लेखी तक्रारी हव्यात, असा खात्याचा नियम. तक्रारी मिळत नव्हत्या आणि साहेब दर बैठकीत त्या दिव्याची चौकशी करत होते. बहिणीने कागद पुढे ठेवले तसा तो खुर्चीतून उठलाच.

‘‘ताई, तू तर माझं अख्खं प्रकरणच तयार करून आणलंस,’’ तो म्हणाला, आणि त्याने लगेच तिन्ही कागदांवर आवक शिक्का मारून घेतला.

चष्मेवाल्याला हे कळलं ते मेहुणा दुकानात आला तेव्हा. हातात गुंडाळलेला आराखडा, चेहऱ्यावर वाढदिवसाची भेट लपवल्याचा आनंद.

‘‘भावजी, हे बघा. टाकीपासून पार खालच्या वळणापर्यंत लख्ख. सुई पडली तर सापडेल.’’

चष्मेवाल्याने आराखडा पाहिला. ज्या जागी तो दुर्बीण ठेवायचा, बरोबर तिथे खांबाचं गोल चिन्ह होतं.

‘‘कशाला एवढा त्रास घेतोस?’’

‘‘त्रास कसला? ताईची झोप उडालीय. उद्या तो टोपीवाला तुमच्या अंगावर आला म्हणजे?’’

‘‘तो नाही यायचा माझ्या अंगावर.’’

‘‘असं सगळेच म्हणतात आधी.’’

‘‘अरे, पण दुर्बिणीला अंधार लागतो.’’

‘‘लागतो ना. म्हणून तर दिवा,’’ मेहुणा समजुतीने म्हणाला. ‘‘उजेडात दुर्बीण नीट जोडाल, भिंगं पुसाल, डबा उघडून चार घास खाल. मग बघा की हवं तेवढं वर. दिवा खाली पाडतो उजेड, आकाशाला कुठे धक्का लावतो तो?’’

इतकी वर्षं एका घरात जेवलेल्या माणसाला आपण काय करतो हे कळलेलं नाही, याचं चष्मेवाल्याला वाईट वाटलं. पण त्याने तरी कधी मेहुण्याला दिव्याबद्दल काय विचारलं होतं?

नियमाप्रमाणे हरकतींसाठी गुरुवार ठेवला होता. गुरुवारपर्यंत कोणी आलं नाही तर शुक्रवारी खांब. चष्मेवाल्याने त्याच संध्याकाळी तिन्ही नावांनी साइटवर जाऊन आपले तिन्ही शेरे पुसले. उपयोग शून्य. मेहुणा म्हणाला, ‘‘साइटवरून पुसले असतील कोणी, पण माझ्याकडे शिक्क्याचे कागद आहेत. आवक झालेला कागद परत जात नाही.’’

आणि शेरे पुसले गेल्यामुळे एक भलतंच झालं. टेकाड यादीच्या तळातून पाच ताऱ्यांसकट पुन्हा वर आलं, आणि डॉक्टरला दिसलं.

‘‘बाई, हे बघितलंत का?’’ वाचनालयाच्या वरच्या खोलीत, मंडळाच्या बैठकीत डॉक्टर म्हणाला. त्याने मांडीवरचा संगणक सगळ्यांकडे फिरवला. ‘‘उजेडाच्या नकाशावर काळीभोर जागा, आपल्यापासून अर्ध्या तासावर. आणि खातं तिथे दिवा लावतंय. नोटीस लागलीय, याच साइटवरच्या तीन नावांच्या तक्रारींवर. आपल्यापैकी कोणालाच माहीत नव्हती ही जागा?’’

चष्मेवाल्याने नखं पाहिली.

‘‘मंडळातर्फे हरकत घेऊ,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पण तिघांनी तक्रार केलीय म्हणे. ती माणसं आधी शोधायला हवीत. भेटू, चहा पाजू, समजावून सांगू. भल्या माणसांची भीतीच असते, दुसरं काय.’’

‘‘मी शोधतो,’’ डॉक्टर म्हणाला. ‘‘साइट चालवणाऱ्याला आजच लिहितो. रात्रपाळी, शुभचिंतक आणि एक आई. सापडतील की.’’

‘‘नका हो त्यांना त्रास देऊ,’’ चष्मेवाला म्हणाला. ‘‘बिचारी आई.’’

गुरुवारी सकाळी त्याने दुकान उघडायच्या आधी ढगांची साइट पाहिली. इथेच त्याचं चुकलं, असं हवं तर म्हणा. अमावास्येच्या रात्रीचे चौकोन एकजात गडद निळे होते, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. वर्षभरात असा पट्टा त्याने पाहिला नव्हता. तो पट्टा डोक्यात घेऊनच तो रस्तादिवे खात्याच्या कचेरीत जाऊन बसला. एका बाजूला बाई आणि डॉक्टर, दुसऱ्या बाजूला मेहुणा, आणि मेहुण्याशेजारी साक्षीदार म्हणून त्याची स्वतःची बायको. समोर साहेब, चष्मा कपाळावर ढकललेला. तो चष्मा आपल्याच दुकानातला आहे, हे चष्मेवाल्याने ओळखलं. एरवी त्याने दांडी सैल झालीय का ते विचारलं असतं.

बाई अंधाराबद्दल चांगलं बोलल्या. साहेबांनी मान डोलावली आणि विचारलं, ‘‘पण तीन नागरिकांच्या जिवाचं काय?’’

‘‘साहेब, माझ्या नवऱ्यानेही त्या माणसाला पाहिलंय,’’ बायको म्हणाली. ‘‘अधूनमधून दिसतो म्हणाले. विचारा त्यांना.’’

सगळ्यांनी चष्मेवाल्याकडे पाहिलं.

गप्प राहिलो तर अब्रू वाचते आणि अंधार जातो. बोललो तर अंधार वाचतो, पण त्यात सगळे शिरतात, आणि पहिला शिरतो तो डॉक्टर. एकट्याचा अंधार आता कुठल्याच बाजूने मिळत नव्हता. त्याने त्या निळ्या पट्ट्याकडे मनातल्या मनात आणखी एकदा पाहिलं.

‘‘तो माणूस मीच आहे,’’ तो म्हणाला.

‘‘कोण माणूस?’’ मेहुण्याने विचारलं.

‘‘कानटोपीवाला. थंडी असते वर. आणि लाल दिवा डोळे दिपू नयेत म्हणून.’’

‘‘आणि बडबड?’’ बायकोने विचारलं.

‘‘ताऱ्यांची नावं घोकतो. एकावरून दुसऱ्यावर जायला.’’

‘‘मग त्या आईने तुम्हालाच पाहिलं?’’

‘‘आईही मीच.’’

मेहुण्याने शिक्क्याचे तिन्ही कागद पुन्हा उलटून पाहिले.

‘‘शुभचिंतक?’’ डॉक्टरने विचारलं, हळूच, दाढ दुखतेय का विचारावं तसं.

‘‘मीच. रात्रपाळीही मीच. कुत्री नाहीत वर. एक ससा दिसला होता एकदा.’’

मेहुण्याचा चेहरा उतरला. त्याच्या खांबाचा पायाच गेला होता. बाई खिडकीबाहेर पाहू लागल्या, कारण त्यांना हसू येत होतं. फक्त साहेब शांत होते. त्यांनी चष्मा नाकावर घेतला आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

‘‘म्हणजे तिन्ही तक्रारदार हजर आहेत,’’ ते म्हणाले. ‘‘चांगलं झालं. सहसा येत नाहीत.’’

‘‘साहेब, पण तक्रारी खोट्या आहेत,’’ चष्मेवाला म्हणाला.

‘‘तो तुमचा तिघांचा आपसातला प्रश्न आहे. टेकाडावर दिवा नको, हे मान्य. पण मंजूर झालेला दिवा गोदामात परत घेता येत नाही. जागा गैरसोयीची निघाली तर तक्रारदारांच्या पत्त्यावर लावायचा, असा नियम आहे. तिघांचे पत्ते वेगळे असले की फार वाद होतो. इथे तो प्रश्न नाही.’’

घरी येऊन बायकोने पर्स ठेवली आणि संगणक त्याच्यापुढे सरकवला.

‘‘इतकी वर्षं लोकांचे शेरे वाचतेय,’’ ती म्हणाली. ‘‘नवऱ्याचा ओळखता आला नाही मला. लिहा आता खरा. स्वतःच्या नावाने.’’

‘‘काय लिहू?’’

‘‘कुत्री नाहीत लिहा. खड्डे नाहीत लिहा. माणूस आहे, पण ओळखीचा आहे म्हणावं.’’

त्याने लिहिलं. पाच तारे दिले. ते देताना त्याला जेवढा त्रास झाला, तेवढा कचेरीत कबुली देतानाही झाला नव्हता.

अमावास्येला टेकाडावर जत्रा जमली. मंडळ आलं, मंडळाबाहेरचे आले, भटका नावाचा तो परका माणूसही आला आणि ‘‘कोण तो, कोण तो टोपीवाला?’’ असं विचारत फिरला. आकाश निळ्या चौकोनांनी सांगितलं होतं तसंच होतं. डॉक्टर मात्र भलत्याच दिशेला शोधत होता. त्याने नकाशा छापताना उलटा करायची खूण टिचकवलीच नव्हती, म्हणून डावीकडे जायचं तिथे तो उजवीकडे जात होता.

‘‘दाखवा हो त्यांना तुमचा,’’ बाई अंधारातून म्हणाल्या. ‘‘त्यांनी हरकतीचा अर्ज टाइप केलाय.’’

चष्मेवाल्याने आपला नकाशा दिला. तेवढ्यात खालच्या वळणावर कोणाची तरी गाडी दिवे लावून वर येऊ लागली, तेव्हा तिला थांबवायला तो लाल दिवा हलवत धावला. परत आला तोवर डॉक्टर पेन्सिल खिशात टाकत होता.

मग चष्मेवाल्याने डोळा लावला. आधी काहीच नव्हतं. नंतर, नजर किंचित बाजूला नेल्यावर, काच पुसण्याआधी तिच्यावर श्वास सोडावा तसा एक धूसर ठिपका आला, त्याच्याशेजारी दुसरा, आणि मग तिसरा, तो असल्यासारखा वाटणारा. तो बराच वेळ उठला नाही. मागे रांग लागली होती, पण कोणी घाई केली नाही.

आता जमाखर्च. डॉक्टरला दुर्बीण मिळाली. ती त्याच्या दवाखान्यात बसायच्या खोलीत उभी आहे आणि रुग्ण तिला टोप्या अडकवतात. बाईंच्या मंडळात माणसं वाढली. मेहुण्याने एका खांबात तीन तक्रारी निकालात काढल्या म्हणून साहेबांनी त्याचं नाव वर कळवलं. गल्लीतल्या लोकांना गाड्या लावायला छान उजेड झाला आणि ते अजून चष्मेवाल्याचे आभार मानतात. टेकाड जसं होतं तसंच काळं राहिलं.

दिवा मात्र चष्मेवाल्याच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीसमोर आला. आधी बिल बायकोच्याच नावाने फाटलं होतं, कारण खिडकीकडची बाजू तिची. तिने एक रात्र कूस बदलून काढली, एक रात्र उशी तोंडावर घेऊन. मग उठून तिने दोन्ही उशांच्या जागा बदलल्या. तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून स्वस्थ झोपते, आणि मैदानासाठी मागवलेला तो सगळा उजेड चष्मेवाल्याच्या डोळ्यांवर पडतो.